घोटा मुरगळला की पाय किती दिवस टेकवायचा नाही?

सकाळची धाव
'हाड मोडलेलं नाही, नुसता मुरगळलाय.' हे वाक्य मी तीनदा ऐकलं, तिन्ही वेळा उजव्याच पायाबद्दल. पहिल्यांदा पायरी चुकली, पाऊल आत वळलं आणि घोट्याच्या बाहेरच्या बाजूला हां हां म्हणता अंड्याएवढी सूज आली. तीन आठवडे पाय उशीवर ठेवला. सूज उतरली, दुखायचं थांबलं, मी बरी झाले असं धरून चालले. सहा महिन्यांनी सपाट रस्त्यावर तोच पाय पुन्हा वळला.

आता माझं ठाम मत झालंय की मुरगळलेल्या पायाचं खरं नुकसान आपण नुसतं बसून राहून करतो. पाऊल आत वळलं की बाहेरच्या घोट्यापासून पुढे जाणारा अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाड जोडणारा चिवट बंध, बहुतेक वेळा सगळ्यांत आधी ताणला जातो किंवा फाटतो. पाऊल कलतंय ही खबर मेंदूला देणारी मज्जातंतूंची टोकंही त्याच बंधात असतात. सूज गेली तरी ती खबर उशिरा पोचत राहते आणि पोटरीच्या बाहेरचे स्नायू पाऊल वेळेत सावरत नाहीत. हे उशीवर कसं सुधारणार? विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणं हे चार शब्दांचं सूत्र अमेरिकेतले क्रीडावैद्यक डॉ. गेब मर्किन यांनी १९७८ साली रूढ केलं. पुढे त्यांनीच लिहिलं की बर्फ आणि संपूर्ण विश्रांतीमुळे भरून यायला उशीर होऊ शकतो.

जुना गोलरक्षक
तुमच्या अनुभवाबद्दल वाद नाही, पण 'लवकर चाला' हे सरसकट सांगणं मला पटत नाही. बंध नुसता ताणला जाणं आणि पूर्ण तुटणं यांत फार फरक आहे. ज्यांना पाय टेकवताच येत नव्हता अशा रुग्णांवरचा ब्रिटनमधला अभ्यास २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. ज्यांना दहा दिवस गुडघ्याखाली प्लास्टर घातलं, ते तीन महिन्यांनी नळीसारखी पायावर चढवायची साधी ताणपट्टी वापरणाऱ्यांपेक्षा चांगल्या स्थितीत होते. म्हणजे स्थिर ठेवण्याचा फायदा झालाच ना? आणि बर्फानं भरून येत नसेल, दुखणं तर कमी होतं. पहिल्या रात्री झोप लागणं ही काही लहान गोष्ट नाही.

वाचक ७
दोघांच्याही आधीची पायरी राहिली. हाड मोडलंय का, हे कोण ठरवणार? त्यासाठी कॅनडात १९९२ साली ओटावा नियम मांडले गेले. घोट्याच्या भागात दुखतंय आणि दुखापतीनंतर लगेचही व तपासतानाही चार पावलं टाकता येत नाहीत, तर एक्स-रे. आतल्या किंवा बाहेरच्या घोट्याच्या हाडाची मागची कड, खालच्या सहा सेंटिमीटरांत किंवा टोकावर, दाबून दुखली तरी एक्स-रे. करंगळीच्या रेषेतल्या लांब हाडाचं बूडही दाबून बघायचं, तिथलं मोडलेलं हाड मुरगळण्यात सहज खपून जातं. आणि दुखणं घोट्याच्या वर, नडगीकडे असेल तर ती दुखापत निराळी, तिला बराच जास्त वेळ लागतो.

सकाळची धाव
वाचक ७, हे आधी लिहायला हवं होतं, मान्य. गोलरक्षक, त्याच अभ्यासात नऊ महिन्यांनी गटांमध्ये फरक उरला नव्हता. शिवाय ते प्लास्टर दहा दिवसांचं होतं. लोक सहा-सहा आठवडे पट्टी सोडत नाहीत, माझं भांडण त्याच्याशी आहे.

तिसऱ्या वेळी मी दात घासताना एका पायावर उभं राहायला लागले. डावा पाय निवांत. उजव्यावर अकराव्या सेकंदाला बेसिन धरलं, घोटा आतल्या आत थरथरत होता. दुखत काहीच नव्हतं! दुखत नाही म्हणजे बरं झालं, ही समजूत त्या बेसिनपाशी गेली. दोन महिन्यांनी डोळे मिटून उभी राहू लागले.

जुना गोलरक्षक
पूर्ण तुटलेल्या बंधासाठी दहा दिवसांचा हट्ट मी सोडणार नाही. त्यानंतर तोल साधायचा व्यायाम हवाच, आणि खेळायला उतरताना घोट्याला आधारपट्टाही हवा, तो तुम्ही सांगितलाच नाहीत. एकदा मुरगळलेल्या पायाला त्याचा चांगला उपयोग होतो. बाकी, आत्ता हे लिहिता लिहिता डाव्या पायावर उभा राहून पाहिलं. बावीस वर्षांपूर्वी मुरगळला होता. टेबल धरावं लागलं.