‘ले मिझेराब्ल’: वॉटर्लू, मठ, गटारं पहिल्या वाचनात गाळावीत का?
(वाचकांच्या चर्चेचा धागा. पानोपानी, तळटीप, मूळप्रत, शिशिर ही लिहिणाऱ्यांची टोपणनावं.)

पानोपानी
व्हिक्टर ह्युगोची ‘ले मिझेराब्ल’ (१८६२) मोठ्या उत्साहानं हातात घ्यायची आणि दुसऱ्या भागाच्या तोंडाशीच सोडून द्यायची, असं अनेकांचं होतं. कारण उघड आहे. पहिल्या भागाच्या अखेरीस फाँतीन मरते, पावाच्या चोरीपायी शिक्षा भोगलेला जाँ व्हालजाँ निसटतो, आता फाँतीनच्या मुलीचं, कोझेतचं काय होणार म्हणून आपण पान उलटतो आणि पुढ्यात येते १८ जून १८१५ ची वॉटर्लूची लढाई. सलग १९ प्रकरणं! त्यांत व्हालजाँ नाही, त्याच्या मागावरचा पोलीस जाव्हेर नाही, कोझेत नाही.

पहिल्या वाचनात हे तुकडे गाळावेत, असं माझं ठाम मत आहे. कादंबरीचे ५ भाग, त्यांत मिळून ४८ ‘पुस्तकं’ (ह्युगो भागातल्या विभागाला पुस्तक म्हणतो) आणि ३६५ प्रकरणं. त्यातून वगळायचं ते असं: भाग २ मधलं वॉटर्लूचं पुस्तक १, मठाची पुस्तकं ६ आणि ७, भाग ४ मधलं चोरांच्या बोलीवरचं पुस्तक ७ आणि भाग ५ मधलं पॅरिसच्या गटारांवरचं पुस्तक २. सगळी मिळून पन्नासच्या आत प्रकरणं होतात. गोष्ट कुठेही तुटत नाही. उलट व्हालजाँ आणि जाव्हेर यांच्यातला ताण टिकून राहतो, आणि तोच या कादंबरीचा कणा आहे. गाळलेलं दुसऱ्या वाचनात वाचावं, तेव्हा ते जास्त आवडतं.

तळटीप
पूर्ण असहमत. वॉटर्लू गाळलं की गोष्ट नक्की तुटते. कुठे ते सांगतो.

त्या पुस्तकाच्या १९ व्या प्रकरणात रात्री रणांगणावर एक माणूस प्रेतांच्या अंगावरचा ऐवज लुटत फिरतो. ढिगाऱ्यातून एका अधिकाऱ्याला बाहेर ओढतो तेही त्याचा शौर्यपदकाचा क्रॉस, घड्याळ आणि पैशांची थैली काढून घ्यायला. शुद्धीवर येणाऱ्या अधिकाऱ्याला वाटतं, यानं आपला जीव वाचवला. तो नाव विचारतो. उत्तर येतं, तेनार्दिए. अधिकारी आपलं नाव सांगतो, पाँमेर्सी. म्हणजे पुढे कोझेतच्या प्रेमात पडणाऱ्या मारियुसचा बाप.

पुढे भाग ३ मध्ये बाप मरताना चिठ्ठी ठेवतो, की तेनार्दिए भेटला तर त्याचं होईल तेवढं भलं कर. गोर्बोच्या घरात टोळी व्हालजाँला बांधून ठेवते. भिंतीपलीकडे मारियुस पिस्तूल घेऊन उभा आहे, बार काढला की पोलीस येणार. तेवढ्यात त्याला टोळीच्या म्होरक्याचं नाव ऐकू येतं आणि त्याचा हात थिजतो. ज्यानं १९ वं प्रकरण वाचलंय त्याला माहीत आहे की हे ऋण मुळातच खोटं आहे. न वाचणाऱ्याला मारियुसची घालमेल दिसते, पण ती किती व्यर्थ आहे ते कळत नाही. शेवटी भाग ५ मध्ये मारियुस याच वॉटर्लूपायी तेनार्दिएला २० हजार फ्रँकची हुंडी देऊन अमेरिकेला पाठवतो. तो तिथे जाऊन गुलामांचा व्यापारी होतो. ह्युगोनं आखलेली ही रेषा पहिल्या भागानंतर लगेच सुरू होते आणि शेवटच्या पुस्तकापर्यंत जाते.

पानोपानी
मग १९ वं प्रकरण तेवढं वाचा. बाकीची १८ त्यासाठी का सोसायची? सैन्याच्या तुकड्या कुठे उभ्या होत्या, पावसानं तोफा किती उशिरा सुरू झाल्या, हे सगळं पाँमेर्सीच्या खिशापर्यंत पोहोचायला लागत नाही.

तळटीप
किमान ९ वं तरी लागतंच. ओहँच्या खोलगट रस्त्यात चिलखती घोडदळ कोसळतं ते त्यात आहे. पाँमेर्सी त्याच घोडदळातला, आणि १९ व्या प्रकरणातला ढिगारा त्याच रस्त्यातला. ९ वं सोडलं तर लुटारू नेमका कुठे उभा आहे हेच कळत नाही. (इतिहासकार त्या खड्ड्याचा एवढा संहार मान्य करत नाहीत. पण दोन हजार घोडे आणि पंधराशे माणसं गाडली गेली ही स्थानिक आख्यायिका सांगताना ती अतिशयोक्त असल्याचं ह्युगो स्वतःच म्हणतो.) आणि तोफांचा उशीर अनावश्यक नाही. रात्रीचा पाऊस पडला नसता तर युरोपचं भविष्य वेगळं झालं असतं, असं ह्युगो मांडतो. एका क्षुल्लक गोष्टीनं माणसाचं आयुष्य फिरतं, हे तो व्हालजाँच्या पावाच्या चोरीतही दाखवतो.

मूळप्रत
मठाच्या दोन पुस्तकांत फरक करायला हवा. दोन्ही एकत्र गाळणं चूक.

पुस्तक ६ पेती-पिकप्युस या एका विशिष्ट मठाबद्दल आहे. तिथले नियम किती कडक, पुरुषाला आत येणं किती अशक्य, माळ्याच्या गुडघ्याला घंटा का बांधलेली. हे माहीत नसेल तर पुस्तक ८ निम्मं वाया जातं. बेकायदा आत शिरलेल्या व्हालजाँला कुणाच्या नकळत बाहेर काढून उजळ माथ्यानं परत आत आणायचंय. जोगिणींना मृत भगिनी वेदीखालीच पुरायची आहे आणि सरकारला दाखवायला एक पेटी दफनभूमीत न्यायची आहे. म्हणून पेटीत व्हालजाँ! हा डाव बसतो तो मठाच्या हट्टी नियमांमुळेच.

पुस्तक ७ मात्र मठसंस्थेवरचा सरळ निबंध आहे, ८ प्रकरणांचा. ह्युगोनंच त्याला ‘कंस’ असं नाव दिलंय. तो नंतर वाचला तरी बिघडत नाही.

इंग्रजीतून वाचणाऱ्यांनी आवृत्ती पाहून घ्यावी. नॉर्मन डेनीच्या १९७६ च्या अनुवादात (पुढे तो पेंग्विननंही छापला) वगळायच्या यादीतलीच दोन पुस्तकं, भाग २ चं ७ आणि भाग ४ चं ७, परिशिष्टात टाकली आहेत. त्यामुळे तिथले क्रमांक मुळाशी जुळत नाहीत आणि धाग्यात कुणी ‘भाग २, पुस्तक ८’ म्हटलं की वाचक भलतीकडेच शोधतो. शिवाय डेनीनं इतरत्रही थोडी काटछाट केली आहे. इझाबेल हॅपगुडचा १८८७ चा अनुवाद जुन्या वळणाचा आहे, पण क्रम मुळाप्रमाणे आहे आणि तो फुकट मिळतो. ज्युली रोज (२००८) किंवा क्रिस्टीन डोनोगर (२०१३) घेतलात तर क्रमाची चिंता नको.

शिशिर
गाळण्याच्या बाजूनं मी अजून एक साक्ष काढतो. टॉलस्टॉयनं ‘वॉर अँड पीस’च्या १८७३ च्या आवृत्तीत इतिहासचिंतनाची प्रकरणं कथेतून काढून शेवटी परिशिष्टात ठेवली होती, फ्रेंच संवादही रशियनमध्ये आणले होते. एवढ्या मोठ्या लेखकाला कथा आणि निबंध वेगळे करावेसे वाटले, तर वाचकानं तेच केलं म्हणून काय पाप झालं?

तळटीप
१८८६ च्या आवृत्तीत फ्रेंच आणि चिंतन दोन्ही जागच्या जागी परत आले, आणि आज सगळे तीच रचना वाचतात. हेही सांगा ना.

मूळप्रत
गटारांबद्दल कुणी बोललं नाही. पहिल्या वाचनात गाळायच्या यादीतलं कोणी एकच पुस्तक वाचणार असेल तर मी हेच सुचवेन.

पॅरिस दरवर्षी अडीच कोटी फ्रँक पाण्यात टाकतं, या वाक्यानं ते सुरू होतं. मैला नदीत सोडण्याऐवजी शेतात घाला, हा ह्युगोचा मुद्दा, आणि त्यासाठी तो चिनी शेतकऱ्याचा दाखला देतो. मग ब्रुनसोनं १८०५ पासून केलेली गटारांची पाहणी, जुन्या भुयारांचे फाटे, उतार. पुढच्याच पुस्तकात व्हालजाँ बेशुद्ध मारियुसला खांद्यावर घेऊन खाली उतरतो. डावीकडे उताराला लागलं तर पाव तासात सेन नदीवर बाहेर पडता येईल, पण भर दिवसा, भर वस्तीत, रक्तानं माखलेला माणूस घेऊन. म्हणून तो उजवीकडे चढाला लागतो. उताराचं हे गणित आधी डोक्यात असेल तरच त्या एका वळणाचा धसका बसतो. नाहीतर तो नुसता अंधारातला पाठलाग उरतो.

पानोपानी
उताराचा मुद्दा पटला, पण व्हालजाँ तो हिशोब पुस्तक ३ मध्ये मनाशी करतोच, वाचकालाही तिथेच कळतो. चोरांच्या बोलीचं पुस्तक अजून कुणी वाचवलेलं नाही. अनुवादात तर ते फारच कोरडं होतं.

आणि एक. मी बिशप मिरिएलची सुरुवातीची १४ प्रकरणं यादीत घातली नव्हती. ती कुणीही गाळू नयेत. तो १५ हजार फ्रँक पगारातले फक्त एक हजार स्वतःला ठेवतो, याचा ओळीओळीनं मांडलेला जमाखर्च तिथे आहे. चांदीच्या भांड्यांत जेवणं एवढीच त्याची चैन, तीही तिथेच कळते. व्हालजाँ पुढे नेमकी तीच भांडी पळवतो.

तळटीप
म्हणजे कथानक सुरू होण्याआधीचा जमाखर्च तुम्हाला चालतो, कारण पुढे भांडी चोरीला जातात. वॉटर्लूत घड्याळ आणि थैली चोरीला जाते. मग त्याला वेगळा न्याय का?