मदत हवी आहे: सोमवारी शाळा उघडतेय, पालक येतात पण थांबत नाहीत

खाडीवरचा_मास्तर
नमस्कार मंडळी, जरा लवकर उत्तरं पाहिजेत. सोमवारी शाळा उघडते, प्रवेशोत्सव तर आहेच, पण मला त्याच दिवशी पालकांना नीट बसवून शाळा दाखवायचीय, वर्ग बघा, पुस्तकं बघा, आम्ही कसं शिकवतो ते बघा, दोन प्रश्न विचारा, बस एवढंच. गेल्या जूनला असंच ठेवलं होतं. लोक आले, पोराला दारात सोडलं, रजिस्टरवर सही ठोकली आणि पटांगण रिकामं! यंदा पीपीटी केलीय, केंद्रशाळेतून प्रोजेक्टर पण मागवलाय. पुरुष तर दिसतच नाहीत. काय केलं तर थांबतील? 'पालक जागृत नाहीत' हे सांगू नका, ते मलापण माहितीय.

दापोलीकर७
शाळा कुठली? झेडपी का संस्थेची? कितवीपर्यंत? पट किती? वेळ काय ठेवलीय? काहीच लिहिलं नाहीये, आम्ही काय ओळखायचं.

खाडीवरचा_मास्तर
झेडपी. १ ते ५. सकाळी १० ला. पट १९ आणि आम्ही दोघं शिक्षक. याचा आणि थांबण्याचा काय संबंध?

जांभा_दगड
पट १९ म्हटल्यावर पालक थांबतायत का यापेक्षा शाळा थांबतेय का ते बघा. आमच्या शेजारची वाडी रिकामी झाली, शाळेला कुलूप. इंग्लिश मीडियमची पिवळी बस रोज वरच्या रस्त्याने जाते, तिच्यात सगळी पोरं. वीसच्या आतल्या शाळांचं काय होणार ते आधी सरकारला विचारा...

समुद्रकन्या
हा वेगळा धागा काढा ना दादा. माणूस सोमवारचं विचारतोय.
सर, खाडीवरचे म्हणताय म्हणजे गाव मच्छीमारांचं का? तसं असेल तर तुमचं १० वाजताचं गणितच चुकतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते, त्यामुळे पुरुष घरी आहेत असं बाहेरच्याला वाटतं. पण होड्या वर ओढून शाकारायच्या असतात, जाळी दुरुस्तीला काढलेली असतात, इंजिनचं काम असतं, आणि हे सगळं पावसाची उघडीप बघून सकाळीच उरकतात. शिवाय ज्यांची थोडी शेती आहे त्यांची मृगाची पेरणी नुकतीच झालेली, मग आहेच लावणीची घाई. बायका सुकट-बोंबील बाजाराला नेतात त्या दुपारी परत येतात. १० ला कोण मोकळं असणार, तुम्हीच सांगा.

सेवानिवृत्त_गुरुजी
आमच्या काळी असं काही करावं लागत नसे. मुलाच्या हाती चिठ्ठी दिली की पालक दुसऱ्या दिवशी धोतर सावरत हजर. गुरुजींचा मान होता. आपणही हस्ताक्षरात चिठ्ठ्या लिहाव्यात, फरक पडतो.

खाडीवरचा_मास्तर
गुरुजी, शाळा बंद आहे हो मे पासून. चिठ्ठी कोणाच्या हाती देऊ? व्हॉट्सॲपवर टाकलंय मी. निम्म्यांनी बघितलंच नाही, रेंजसाठी टेकाडावर जावं लागतं इथं.

बाबल्या_मालवणकर
ओ मास्तरानू, पीपीटी कित्याक होयी? पयल्या पावसात लाईट जातली ता जातली, मगे भिंतीर काय दाखवतलास? चाय ठेवा, कांदाभजी करा, माणसा आपसूक येतली.

खाडीवरचा_मास्तर
भज्यांचे पैसे कोण देणार, सादिलच्या (शाळेच्या किरकोळ खर्चाच्या) पैशात झाडू-खडू आणि लाईटबिल भागत नाही.

टीईटी_पास_रिकामा
मुळात तुम्ही आलात कुठून ते सांगा की. घाटावरचे असाल. इकडचे डीएड झालेले घरी बसलेत आणि सरकारी शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून येतात नांदेड-लातूरचे, त्यांना इथल्या बंदीचं माहीत नाही, लावणीचं माहीत नाही, आणि तीन वर्षांत बदलीचा अर्ज. पालक कशाला थांबतील?

खाडीवरचा_मास्तर
हो नांदेडचाच आहे. परीक्षा देऊन आलोय, कुणाचं ओरबाडून नाही. भाड्याच्या खोलीत गळक्या कौलाखाली राहतो आणि रविवारीसुद्धा पोरांना घेऊन बसतो. पुढं बोला.

घाटमाथा
+१. मराठवाड्यातला मास्तर कोकणात आणि कोकणातला मुलगा मुंबईत, ही मास्तरची चूक आहे का.

दापोलीकर७
ते राहू द्या हो. सर, 'पुरुष दिसत नाहीत' म्हणालात. सगळ्यांचे वडील गावात आहेत का नक्की?

खाडीवरचा_मास्तर
नाही, सगळे कुठले. सात-आठ जणांचे मुंबईला, तिघांचे आखातात, एकाचे मर्चंट नेव्हीत. काहींच्या आया पण मुंबईत. पोरं आजी-आजोबांकडं असतात. म्हणूनच तर म्हणतोय ना पालक जागृत नाहीत.

समुद्रकन्या
हे आत्ता सांगताय होय!! अहो निम्म्या वर्गाचे वडील गावातच नाहीत आणि आपण इतका वेळ त्यांना थांबवायचे उपाय शोधतोय. निरोपात काय लिहिलंत ते जसंच्या तसं टाका बरं इथे.

खाडीवरचा_मास्तर
"इयत्ता १ ली ते ५ वीच्या विद्यार्थ्यांच्या आई-वडिलांनी शाळेत वेळेवर उपस्थित राहावे. येताना आधार कार्ड, जन्मदाखला व बँक पासबुकाची झेरॉक्स आणावी." केंद्रशाळेतून नमुना येतो तोच आहे, मी नाही बनवला.

समुद्रकन्या
झालं. आई-वडिलांनी म्हटल्यावर आजी काय समजणार? की आपलं काम पोराला सोडायचं. माझी सासू दोन वर्षं नातवाला शाळेत नेत होती, रोज फाटकाबाहेर आंब्याखाली उभी राहायची, आत कधी गेली नाही. का विचारलं तर म्हणे मला कोणी बोलावलं नाही, बाईंनी आईला बोलावलंय. आणि खाली झेरॉक्स. शाळेचा निरोप आला की कागद मागणार हे लोकांना पाठ झालंय. ज्याच्याकडे दाखला नाही तो सही करून सटकणारच, कोणी चारचौघांत 'तुमचं अपार आयडी (पोराचा ओळख क्रमांक) राहिलंय' म्हणायच्या आत. आजी-आजोबा, काका-काकू, जो पोराला जेवायला वाढतो त्याने या, असं सांगा. कागद नंतर, दुसऱ्या दिवशी, एकेकाकडे.

माता_गट_ताई
शाळापूर्व तयारी मेळावा घ्या! २०२२ पासून आहे, 'पहिले पाऊल'. टेबलं मांडायची, नोंदणी, शारीरिक, बौद्धिक, भाषा, गणनपूर्व वगैरे, मूल प्रत्येक टेबलावर काहीतरी करतं आणि घरचं माणूस बरोबर फिरतं. आमच्याकडे आया तासभर हलल्या नाहीत. भाषण नाही म्हणून!

जांभा_दगड
तो पहिलीत येणाऱ्यांसाठी असतो. यांची पहिलीत दोन पोरं असतील. सात टेबलं आणि दोन पोरं, मजा आहे.

माता_गट_ताई
अहो टेबलं कमी करा मग. मुद्दा हा की बसवून सांगण्यापेक्षा पोराला काहीतरी करताना दाखवा. तिसरीतल्या मुलीला आजीसमोर धडा वाचू दे. आजी उठते का बघा.

चिंतामणी_र
थोडं अवांतर. माझ्या मुलाचा जन्म ९ जानेवारीचा आहे, डिसेंबरअखेर ६ पूर्ण होत नाहीत. पहिलीत घेतील का? बायको म्हणते वर्ष वाया जातंय.

दापोलीकर७
नाही घेणार. ३१ डिसेंबरला ६ पूर्ण पाहिजेत. बालवाडीत खेळू द्या एक वर्ष, कलेक्टर व्हायला उशीर होत नाही.

खाडीवरचा_मास्तर
बरं. आईवडील शब्द काढतो. वेळ संध्याकाळची करायची तर शाळेत अंधार असतो, लाईट गेली की वर्गात काहीच दिसत नाही. देवळाच्या सभामंडपात घेऊ का?

बाबल्या_मालवणकर
गावात मुसलमान वाडी आसा का? आसली तर देवळात नको. ते येतले पण दारात उभे रवतले, आणि तुमका तर तेंचे आजोबा बसूक होये.

खाडीवरचा_मास्तर
आहे. पाच मुलं तिकडचीच. आखातवाले तीनही तेच.

सेवानिवृत्त_गुरुजी
मग जाळी विणायची शेड असेल ना बंदरावर? पुरुष तिथेच असतात. शाळेने तिथे जावे. मी १९८० च्या सुमारास वेळणेश्वराकडे असताना मुलांच्या वह्या होडीच्या फळीवर मांडून दाखवल्या होत्या. चिठ्ठी मात्र तेव्हाही दिली होती.

खाडीवरचा_मास्तर
शेड आहे, पत्र्याची, मोठी. हे जमेल. म्हणजे सकाळी १० ला साहेब येणार आहेत तेवढा प्रवेशोत्सव, फुलं-फुगे, पुस्तकवाटप शाळेत. आणि पोरांच्या वह्या, पुस्तकं घेऊन संध्याकाळी शेडमध्ये. पीपीटीचं बघू, लई मेहनत घेतलीय तिच्यावर. निरोप कसा पोचवू पण? तीन दिवस राहिलेत.

समुद्रकन्या
चौथी-पाचवीतली चार पोरं घ्या बरोबर आणि रविवारी घरोघर जा. आजीला तोंडाने सांगा, "तुम्हीच यायचंय". छत्री न्या.

टीईटी_पास_रिकामा
आमच्या तालुक्यातले असाल तर सांगा, मी येतो मदतीला. रिकामाच आहे.

खाडीवरचा_मास्तर
व्यनि (खाजगी निरोप) करतो. ५ ला ठेवलं तर चालेल ना सगळ्यांना?

दालदी_वाडा
५ चालेल, पण मगरिबच्या (सूर्यास्तानंतरच्या नमाजाच्या) आधी आटपा, जूनमध्ये सव्वासातच्या पुढेमागे असते आणि म्हातारी माणसं त्याआधी अर्धा तास उठून जातात. तुम्हाला परत वाटेल थांबत नाहीत.

खाडीवरचा_मास्तर
ओके, मग ५ ते ६. भजी कोण करतंय ते बघतो.