कौलारू संग्रहालयासाठी परवडणारी सुरक्षा: सल्ला हवा

गावठाणकर
नमस्कार मंडळी. वाचनालयाच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही पाचसहा जण गावचं छोटं संग्रहालय चालवतो. शिवराई नाणी, दोन तलवारी, एक दांडपट्टा, मोडी कागद, समया. शनिवार-रविवार उघडं, एरवी कुलूप. वर मंगलोरी कौलं, वायफाय नाही, वीज आली तर आली. बजेट 25,000, वर एक पैसा नाही. काय घ्यावं?

सेटअप_किंग
25 हजारांत काही होत नाही. मी बंगल्याला आठ कॅमेरे बसवले, 70 गेले, पण दुबईत बसून अंगणातली तुळस दिसते. निदान 50 काढा.

नाणेवेडा
मूळ नाणी बाहेर ठेवूच नका. बँकेच्या लॉकरमध्ये टाका, मांडणीत मोठे केलेले फोटो लावा.

खवट काका
मग संग्रहालय कशाला, लग्नाचा अल्बम ठेवा की.

नाणेवेडा
काका, तुमची एक तरी शिवराई जाऊ दे, मग बोलू.

निवृत्त_फौजदार
चोरांनी डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबाच, उचलून नेल्याच्या केसेस मी स्वतः लिहिल्यात. हैदराबादच्या निजाम संग्रहालयात 2018 साली कॅमेरे होतेच. चोर झरोक्यातून उतरले आणि सोन्याचा जेवणाचा डबा घेऊन गेले. मिळाला परत, पण तुमच्या समयांसाठी एवढी पोलीस पथकं धावणार आहेत का? तुमचा झरोका म्हणजे कौलं. चार सरकवली की माणूस आत. आधी वाशांखाली वेल्डमेशची जाळी मारा, मागच्या दाराला आतून अडसर, पुढे चांगलं सात लिव्हरचं कुलूप. किल्ल्या कोणाकोणाकडे आहेत तेही लिहून ठेवा.

देऊळ_ट्रस्टी
आमच्या देवळात सिमकार्डवाला अलार्म आहे. दाराला मॅग्नेट, आत मोशन सेन्सर. वाजला की पाच जणांना फोन जातो, वायफाय लागत नाही. पण बॅटरी बॅकअप बघून घ्या आणि सिमचा रिचार्ज कोण करणार ते आधी ठरवा. आमचा ऐन जत्रेत मुका झाला होता. शिवाय सेन्सरवर पाल बसली की रात्री अडीचला अख्खी समिती लुंगीवर देवळात.

सह्याद्री_७
मीही हेच म्हणणार होतो, कॅमेरे घ्या.

मोडीवाली
सगळे रात्रीच्या चोरावरच घसरलेत. भोपाळच्या राज्य संग्रहालयात 2024 साली एक जण वेळ संपल्यावर आतच लपून राहिला. आत गेले किती, बाहेर आले किती, हे मोजा. बंद करताना जिन्याखाली, कपाटामागे बॅटरी मारून बघा. शोकेसचे साधे स्क्रू काढून एकदाच आवळता येतात, सोडवता येत नाहीत, असे मिळतात, ते लावा.

आणि फुकटचं काम: प्रत्येक वस्तूचा चारी बाजूंनी फोटो, शेजारी मोजपट्टी. वजन, टवका, ओरखडा, सगळं दाखल नोंदवहीत. वहीची एक प्रत दुसऱ्याच्या घरी. नालंदाच्या संग्रहालयातून 1961 साली चोरीला गेलेली बुद्धमूर्ती 2018 मध्ये लंडनहून परत आली. आपलीच आहे हे दाखवायला जुने फोटो होते म्हणून.

खवट काका
57 वर्षांनी! तोवर समिती वर गेलेली असेल.

मोडीवाली
तुम्ही असाल की.

पुस्तकी_किडा
चोरापेक्षा वाळवीचं बघा. आमच्याकडे दोन दप्तरं तिनेच नेली.

निवृत्त_फौजदार
विषयावर या. जाळी, कुलूप, अलार्म. 25 मध्ये बसतं, पैसे उरतीलही.

गावठाणकर
सर्वांचे आभार. काल बैठक झाली. आठ कॅमेरे आणि 32 इंची टीव्ही घेतोय. तालुक्याच्या एका दुकानदाराने वरचे सगळे पैसे द्यायचं कबूल केलंय, पण देणगीदार म्हणून पाटी टीव्हीखाली पाहिजे. जाळीचं सुचवून पाहिलं. माळ्यावर पाटी कोण वाचणार म्हणाले. नोंदवही मात्र मी आणि एक ताई या रविवारपासून सुरू करतोय.

निवृत्त_फौजदार
आणि कौलं?

गावठाणकर
दिवाळीनंतर बघू.

सेटअप_किंग
बघा, मी पहिल्यालाच सांगितलं होतं.

सह्याद्री_७
देऊळ ट्रस्टी, त्या अलार्मचं मॉडेल कळवा ना. गोठ्यात लावायचाय.