आईच्या रोजच्या गोळ्या कुठल्या योजनेत बसतात का?

कृष्णाकाठ: वाईहून लिहितेय. आईचं वय ६६, पंधरा वर्षांपासून शुगर आणि बीपी. गोळ्या, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या, तपासण्या धरून महिन्याला ४,२०० च्या आसपास जातात, मी वहीत लिहून ठेवते. त्यात जुलैमध्ये मुलाला डेंग्यू झाला. चार दिवस खासगीत, ३८,००० रुपये. भिशी उचलली, कानातलं गहाण टाकलं, भागलं कसंतरी.

पण परवा आईचा डबा आवरताना महिना संपला तरी अर्धी पट्टी शिल्लक दिसली. रात्रीची गोळी ती एक दिवसाआड घेत होती. म्हणाली, "पोराच्या दवाखान्याचं आधी फिटू दे." शुगर २९० निघाली. त्या रात्री मला झोप लागली नाही. केशरी कार्ड आहे. सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत या गोळ्या बसतात का?

मेडिकल_फलटण: नाही बसत, ताई. फुले योजना ॲडमिट पेशंटची. अंगीकृत म्हणजे योजनेशी जोडलेल्या रुग्णालयात, ठरलेल्या उपचारांना, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. पुढच्या वेळी ॲडमिट करण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला गाठा; आधी बिल भरलंत तर मागून पैसे मिळायची आशा धरू नका.

गोळ्यांचं म्हणाल तर पट्टीमागची बारीक अक्षरं वाचा: मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, टेल्मिसार्टन असं काहीतरी असेल. तेच नाव घेऊन जनऔषधी केंद्रात, म्हणजे स्वस्त जेनेरिक औषधांच्या सरकारी योजनेतल्या दुकानात जा. मिलिग्रॅम जुळवून घ्या. 'एसआर' (हळूहळू विरघळणारी गोळी) लिहिलेलं असेल तर त्याजागी साधी गोळी नको. बदलण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

आशाताई_भोर: ग्रामीण रुग्णालयात एनसीडीची, म्हणजे शुगर-बीपीसारख्या असंसर्गजन्य आजारांची ओपीडी असते, तिथे त्यांच्या गोळ्या मिळतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरलाही पैसे नाहीत. एखादी गोळी संपलेली असते कधीकधी, तेवढीच बाहेरून आणायची. आणि आईंना रागावू नका हो. आमच्या भागात अशा गोळ्या वाचवणाऱ्या कितीतरी आज्या आहेत, विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

कृष्णाकाठ: दोघांचे मनापासून आभार. आज तीनपैकी दोन गोळ्या केंद्रात मिळाल्या. तिसरीत दोन औषधं एकत्र आहेत, ती गुरुवारी डॉक्टरांना दाखवते. रात्रीची गोळी आता आई माझ्यासमोर घेते.