मोटार भाडेकरारावर घ्यावी की विकत? मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही जुळे सोलापुरात राहतो. आईच्या उपचारांसाठी महिन्यातून दोनदा पुण्याला जावे लागते. जाऊन-येऊन सुमारे 500 किलोमीटर होतात, आणि एसटीत तिचे गुडघे इतके आखडतात की स्वारगेटला उतरताना तिला दोघांनी धरावे लागते. म्हणून मोटार घ्यायचे ठरवले आहे.

विकत घेतल्यास शिलकीतले अडीच लाख सुरुवातीलाच जातील आणि पाच वर्षे हप्ते फेडावे लागतील, पण शेवटी गाडी आमची होईल. भाडेकरारात विमा व देखभाल मासिक रकमेतच धरलेली आहे. मात्र मला दाखवलेल्या करारात वर्षाला 15,000 किलोमीटरची मर्यादा आहे, आणि त्यातले 12,000 पुण्याच्या फेऱ्यांतच संपतात. उरलेल्यात अक्कलकोट, तुळजापूर आणि रोजची ये-जा बसणे अवघड दिसते. शिवाय मुदतीआधी गाडी परत केल्यास दंड आहे, आणि उपचार किती काळ चालतील हे डॉक्टरही सांगू शकत नाहीत. मला याचीच सर्वाधिक काळजी वाटते.

ज्यांनी अशी गाडी वापरली आहे, त्यांनी कृपया सांगावे: परत देताना ओरखड्यांचे पैसे कसे आकारले गेले, आणि सर्व्हिसिंग सोलापुरातच झाले की गाडी पुण्याला न्यावी लागली?