वायरलेस माउसचा सेल सारखा संपतो, कीबोर्डचा मात्र संपतच नाही. असं का?

पत्रिकावाली, सांगली
आमचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नसराईत सकाळपासून रात्रीपर्यंत मी कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवरच बसलेली असते. काउंटरवर पत्रिकांचे नमुने पसरले की वायरी त्यात अडकायच्या, म्हणून दिवाळीत वायरलेस जोडी घेतली. गिऱ्हाईक आलं की कीबोर्ड उचलून बाजूला ठेवायचा आणि कार्डं मांडायची, हे सुख खरंच आहे. पण खोक्यावर माउसला १२ महिने लिहिलंय आणि माझा पेन्सिल सेल दीड-दोन महिन्यांत बसतो. कीबोर्डमधले बारीक सेल अजून पहिलेच आहेत! शिवाय स्क्रीनवरचा बाण मधूनच अडखळतो. आजोबांचं नाव 'आशीर्वाद'खाली ओढून आणावं तर ते जाऊन बसतं नवरीच्या नावावर. पीस खराब आहे का? परत वायरचाच घेऊ?

मु_पो_नाशिक
वायरचाच घ्या. ना सेल, ना कटकट. विषय संपला.

दुरुस्तीवाला, इचलकरंजी
विषय इतक्यात कुठे संपतोय? ताई, पीस खराब नसावा. कीबोर्ड बटण दाबेपर्यंत झोपलेला असतो. दाबलं की निरोप पाठवतो आणि परत झोपतो. माउसला ती चैन नाही. त्याच्या पोटात दिवा आणि एक बारका कॅमेरा असतो. तो सेकंदाला हजारावर फोटो काढतो आणि आधीचा फोटो व नंतरचा फोटो यांतल्या फरकावरून बाण हलवतो. हात थांबला की वेग उतरवून तो सेल वाचवतो, पण कोरलमध्ये तुमचा हात थांबतो कधी? लॉजिटेकचंच बघा. एम१८५ माउसला १२ महिने सांगतात, के२७० कीबोर्डला २४, तेही बारीक सेलवर. आणि हे बारा महिने अधूनमधून माउस हलवणाऱ्याचे. तुमच्यासारखी दिवसभर नावं ओढणारी माणसं त्यांनी हिशोबात धरलेली नसतात.

आता तीन गोष्टी सांगा. सेल कुठला घालता? टेबलावर काच आहे का? डोंगल, म्हणजे कॉम्प्युटरला लावायचा तो छोटा रिसीव्हर, कुठे लावलाय?

पत्रिकावाली, सांगली
सेल शेजारच्या किराणा दुकानातला, भिंतीवरच्या घड्याळात घालतात तोच. टेबलावर काच आहे, खाली रेटकार्ड. डोंगल मागे निळ्या पोर्टमध्ये, त्याला खेटून बाहेरची हार्ड डिस्क.

दुरुस्तीवाला, इचलकरंजी
म्हणजे तिन्ही ठिकाणी गोम आहे.

घड्याळाचा साधा सेल घड्याळालाच बरा. माउसला अल्कलाइन घाला. महाग पडतो, पण कितीतरी पट जास्त चालतो. संपलेला सेल आत ठेवू नका. माझ्याकडे येणाऱ्या माउसांत सेल पाझरून स्प्रिंग गंजलेले भरपूर असतात.

काचेवर त्या कॅमेऱ्याला धरायला खूणच सापडत नाही. मग बाण भरकटतो. साधं कापडी पॅड टाका. काही नाही तर पत्रिकेचा जाड, न चकाकणारा पुठ्ठा चालेल, तो तुमच्याकडे ढिगाने असेल.

आणि खरा चोर तो निळा पोर्ट, म्हणजे यूएसबी ३ चा. यूएसबी ३ वर डेटा धावत असताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट होतो, आणि तुमचा डोंगल नेमका त्याच पट्ट्यात बोलतो. इंटेलनेच २०१२ साली यावर कागद काढलाय. हार्ड डिस्कवर फाइल कॉपी होत असतानाच बाण जास्त अडखळतो का, बघा. डोंगल काळ्या, म्हणजे यूएसबी २ च्या पोर्टमध्ये हलवा. त्याहून बरं म्हणजे यूएसबी २ ची छोटी एक्स्टेंशन वायर घेऊन तो माउसजवळ आणून ठेवा.

मु_पो_नाशिक
म्हणजे वायरलेसला शेवटी वायर लागलीच की!

ठाणेकर_अकाउंटंट
मी चार्जिंगचे सेल वापरतो, निकेल मेटल हायड्राइडचे. कमी गळतीवाले घ्या, म्हणजे कपाटात नुसते पडून उतरत नाहीत. एक माउसमध्ये, एक चार्जरमधून काढून ड्रॉवरमध्ये. हे १.२ व्होल्टचे असतात, अल्कलाइन १.५. त्यामुळे माउसचा लाल दिवा आधीच घाबरवतो. दुर्लक्ष करा, पुढेही बरेच दिवस चालतो. आत बॅटरी असलेला माउस मात्र धंद्याला घेण्याआधी उलटा करून बघा. ॲपलच्या मॅजिक माउसचं चार्जिंगचं भोक २०१५ पासून पोटाखाली आहे, २०२४ मध्ये टाइप-सी आलं तरी तिथेच. वायर लावली की माउस आडवा. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना काय करणार?

पत्रिकावाली, सांगली
हार्ड डिस्कचं बरोबर निघालं. कॉपी थांबवली आणि बाण सरळ चालायला लागला. पॅड आणि सेल उद्या आणते. दादा, अजून एक: डोंगल नखाएवढा आहे, हरवला तर दुसरा मिळतो का?

दुरुस्तीवाला, इचलकरंजी
माउसच्या पोटावर नारंगी रंगाचं सहा टोकांचं चिन्ह आहे का? तो लॉजिटेकचा युनिफाइंग. डोंगल सुटा मिळतो, एकावर सहा वस्तू जोडता येतात. चिन्ह नसेल तर बहुतेक स्वस्त जोड्यांत डोंगल गेला की दोन्ही भंगारात. म्हणून एक्स्टेंशन वायर टेबलाच्या पायाला बांधून टाका आणि डोंगलवर रंगीत चिकटपट्टी लावा. नाहीतर कुणीतरी पेन ड्राइव्ह समजून उपटेल.