पहिल्या फौजेची डागडुजी: जुना रंग काढावा की राहू द्यावा?

रामबागकर (इंदूर)
माळ्यावरच्या पेटीतला माल असा: एअरफिक्स कंपनीचे १:७२ प्रमाणातले मऊ प्लास्टिकचे छोटे सैनिक साधारण ९०. निम्मे एनॅमलने रंगवलेले, पोपडे सुटलेत, भाले-बंदुका वाकल्यात. वॉरहॅमर ४०,००० या खेळाच्या १९८७ च्या ३० स्पेस मरीनच्या (भविष्यातले चिलखती सैनिक) पेटीतले, चोचीच्या शिरस्त्राणाचे, कडक प्लास्टिकचे १४. धातूचे वीसेक, त्यातल्या पाचांवर पांढरी भुकटी. दिवाळीपर्यंत हीच फौज टेबलवरच्या युद्धखेळात उतरवायची आहे. नवीन पेट्या घ्या असं कृपया सांगू नका. रंग कशाने काढू, भुकटीचं काय करू?

मांडवी७२ (बडोदा)
सगळं एका बरणीत बुडवू नका, आधी वर्गवारी करा. शंका असेल तो सैनिक साध्या पाण्यात टाका आणि बोटाने दाबून बुडबुडे घालवा. तरंगला तर पॉलिथिलीन (एअरफिक्सवाले), बुडाला तर पॉलिस्टायरीन (मरीन). दोघांची औषधं वेगळी.

मरीनसाठी डेटॉल. तपकिरी, बिनपाण्याचं, काचेच्या बरणीत, सैनिक पूर्ण बुडेल इतकं. २४ तास ठेवून जुन्या टूथब्रशने घासा. लोक चुकतात ते यापुढे: बाहेर काढला की थेट नळाखाली धरतात. पाणी लागताच सुटलेल्या रंगाचा चिकट लगदा होतो आणि खाचाखोचांत बसतो. म्हणून पहिली धुलाई पुन्हा डेटॉलमध्येच, लगदा गेला की मग कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. घर दोन दिवस दवाखान्यासारखं वासेल, त्याला इलाज नाही. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर मरीनजवळ आणूसुद्धा नका, ॲसिटोनने पॉलिस्टायरीन विरघळतं.

एअरफिक्सला बहुधा साबण आणि ब्रश पुरतो, कारण पॉलिथिलीनला रंग मुळात नीट धरतच नाही. त्यात भाला वाकला की वरचा रंग तडकतो. धुऊन वाळवल्यावर एक भाग फेविकॉल, दोन भाग पाणी असा पातळ हात द्या, एक रात्र वाळू द्या, मग ॲक्रिलिक रंग. शेवटी ॲक्रिलिक मॅट वार्निश हवंच, नाहीतर फेविकॉल दमटपणात मऊ पडतो.

वाकलेली बंदूक नुकत्याच उकळलेल्या पाण्यात पाच-दहा सेकंद धरा, सरळ करा आणि तशीच धरून गार पाण्यात बुडवा. त्याआधी एका खराब सैनिकाचा भाला हलकेच वाकवून बघा. कट्‌कन तुटला तर प्लास्टिक म्हातारं झालंय. ते पुन्हा लवचिक होत नाही, त्या तुकडीला गरम पाणी दाखवू नका. तुटलेल्या भाल्याला फेविक्विकही धरणार नाही. मुठीत अर्ध्या मिलिमीटरचं भोक पाडून टाचणी बसवा, टोक हातोडीने चपटं करा. मूळ भाल्यापेक्षा बरा दिसतो.

लष्करवाला (ग्वाल्हेर)
धातूचं मी सांगतो. कोरा भाग कागदावर घासा. करडी रेघ उमटली तर शिसं आहे असं धरून चाला. सिटाडेल कंपनीचे १९९७ च्या आधीचे धातूचे सैनिक शिसेमिश्रित, ब्रिटन्स कंपनीचे जुने पोकळ तर शिशाचेच.

पांढरी भुकटी हा शिशाचा कार्बोनेट, आणि तो विषारी. कोरडा ब्रश अजिबात मारू नका, भुकटी उडून नाकात जाते. ओला करून साबणाच्या पाण्यात घासा. भांडं आणि ब्रश यासाठीच वेगळे ठेवा, स्वयंपाकघरातले नकोत, लहान मुलं लांब. हेअर ड्रायरने पूर्ण वाळवा, मग प्राइमर (रंगाखालचा अस्तराचा थर) आणि वार्निश. खड्डे खोल असतील तर बारकावे गेलेच, ते कोरत बसू नका. चकाकी यावी म्हणून व्हिनेगर लावायची कल्पना कुणी दिली तर ऐकू नका, ॲसेटिक आम्लानेच ही कीड लागते. तेच आम्ल प्लायवूड, एमडीएफ आणि पुठ्ठ्यातून वाफेच्या रूपाने निघत असतं. धुतलेले सैनिक पुन्हा त्याच पेटीत ठेवलेत तर दोन वर्षांनी हाच धागा वर काढाल. प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेलच्या दोन-चार पुड्या बास.

आणि सगळ्यांचा रंग काढू नका, राव. चुकीच्या हिरव्या रंगाचे, डोळे दोन दिशांना गेलेले ते पहिले दहाबारा मॅट वार्निश मारून तसेच राहू द्या. साच्यातून सैनिक पुन्हा निघतात, तो हिरवा निघत नाही.

मांडवी७२ (बडोदा)
याला अनुमोदन. पोपडे सुटत असतील तर वार्निशआधी पातळ फेविकॉल कडेने सोडा, रंग खाली बसतो.

राजवाडा२८ (इंदूर)
सियागंजात हार्डवेअरवाल्याकडे स्टीलचे एम-१० वॉशर घ्या, बाहेरचा व्यास २० मिलिमीटर. एकट्या १:७२ सैनिकाला तळ म्हणून बरोबर बसतो, भोकावर कागद चिकटवा. डब्यात चुंबकी शीट अंथरली की फौज उभीच राहते, भाले वाकत नाहीत. नाणी वापरू नका, ती विद्रूप करणं गुन्हा आहे.

मरीन आणि धातूवाल्यांना प्राइमरचा स्प्रे २०-२५ सेंटिमीटरवरून, पातळ दोन हात. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी मारलात तर रंग हवेतच वाळतो आणि सैनिक वाळूत लोळल्यासारखा खरखरीत होतो. सकाळी सातला मारा. पावसाळ्यात उलटं, मॅट वार्निश दुधाळ पडतं. पाऊस थांबेपर्यंत ब्रशनेच लावा.

रामबागकर (इंदूर)
धन्यवाद मंडळी. एक राहिलं: मरीनचे हात वेड्यावाकड्या कोनात चिकटलेत. डेटॉलमध्ये सुटतील का?

मांडवी७२ (बडोदा)
त्या भरवशावर राहू नका. फेविक्विकने चिकटवले असतील तर दोन तास फ्रीझरमध्ये ठेवा, गोंद ठिसूळ होतो, हलक्या पिळ्याने हात निघतो. ट्यूबमधलं प्लास्टिक सिमेंट असेल तर सांधा वितळून एकजीव झालेला असतो. तिथे जोर लावलात तर हात तुटेल, सांधा सुटणार नाही. बारीक करवतीने कापा, नाहीतर तो कोन तसाच राहू द्या.